काट्यावरचे ५४ टन : मच्छीमार सोसायट्यांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मच्छीमार सहकारी सोसायट्यांचे चेअरमन, संचालक व सभासद,
आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे आयुक्त व बंदरांवरील परवाना अधिकारी यांस

विषय : मासळीच्या वजनासोबत लांबी, गाबोळी (माशाच्या अंड्यांची पिशवी) आणि जाळे पाण्यात राहिल्याचे तास यांची नोंद प्रत्येक बंदरावर ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

१ ऑगस्टला बंदी उठते, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या बाहेर पडतात आणि पहिल्या पंधरवड्यात मासळी बरी लागते. लिलावाच्या ओट्यावर लगेच बोलले जाते की दर्या सावरला. नोव्हेंबर-डिसेंबरात जाळे हलके येऊ लागले की तिथेच बोलले जाते की मासळी संपली. दोन्ही वेळा पुरावा एकच असतो, काट्यावरचे वजन. नुसत्या वजनावरून यातले काहीही सिद्ध होत नाही. आम्ही मत्स्यजीवशास्त्राचे काम करणारी माणसे आहोत. वजनाच्या जोडीने काय मोजावे, कसे मोजावे आणि मोजताना कुठे चूक होते, हे सोसायट्यांपुढे आणि विभागापुढे एकत्र मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आधी बंदीचे पाहू. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत दर्यात मासे नेमके किती वाढतात? मे महिन्यात जी पिल्ले होती, ती ऑगस्टमध्ये संख्येने कमीच झालेली असतात, कारण काही मेली, काही मोठ्या माशांनी खाल्ली. पावसाळ्यात टाकलेल्या अंड्यांतून आलेली नवी पिल्ले ऑगस्टमध्ये जाळ्यात राहण्याइतकी मोठी नसतात. तरीही पहिल्या फेऱ्यांना वजन वाढलेले दिसते, कारण उरलेला प्रत्येक मासा जड झालेला असतो. ही वाढ अंगाची असते. ती महिन्या-दीड महिन्यात उपसून होते. पावसाळ्यातल्या पिल्लांचा खरा हिशेब पुढे कळतो, तोही ती पिल्ले दिवाळीपर्यंत जाळ्यात अडकली नाहीत तरच.

हिशेबासाठी आकडे धरू. ६० ग्रॅमची हजार पापलेटे आज पकडली तर ६० किलो होतात. ती सोडली, त्यातली ४०० नैसर्गिकरीत्या मेली आणि उरलेली ६०० वाढून २५० ग्रॅमची झाली, तर १५० किलो होतात. ४०० मासे गमावूनही अडीचपट वजन मिळाले, शिवाय मोठ्या पापलेटाला किलोमागे मिळणारा दर वेगळाच. लहान मासा लवकर पकडून होणारा हा तोटा डिझेलच्या बिलासारखा कुठे लिहून येत नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षात राहत नाही. जवळ्याला मात्र हा हिशेब लागू होत नाही. तो अल्पायुषी असतो, त्याच्यासाठी थांबले तर वजन वाढण्याऐवजी तो मरून जातो. त्यामुळे ‘लहान पकडू नका’ हा एकच नियम सर्व मासळीला लावणे चुकीचे आहे, आणि जवळा पकडणाऱ्यांचा त्यावरचा राग रास्त आहे.

आता मुख्य मुद्दा. बेल्जियन गणितज्ञ व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये जीवसंख्येच्या वाढीचे एक सूत्र मांडले, आणि मत्स्यशास्त्रज्ञ मिल्नर शेफर यांनी १९५४ मध्ये ते मासेमारीच्या हिशेबात आणले. शब्दांत सांगायचे तर वर्षाला होणारी वाढ तीन गोष्टींच्या गुणाकारातून येते : वाढीचा वेग, आत्ता दर्यात असलेला साठा आणि दर्यात अजून किती जागा शिल्लक आहे तो भाग. जागा म्हणजे अन्न, आसरा, पिल्लांसाठी खाड्या, हे सगळे. दर्या एखाद्या जातीचा जास्तीत जास्त जेवढा साठा पोसू शकतो, तिला धारणक्षमता म्हणतात.

समजा एका जातीची धारणक्षमता १००० टन आहे आणि वाढीचा वेग वर्षाला ०.६ आहे. दर्यात ९०० टन साठा असेल तर मोकळी जागा फक्त एक दशांश. ०.६ गुणिले ९०० गुणिले ०.१ म्हणजे वाढ ५४ टन. साठा ५०० टन असेल तर ०.६ गुणिले ५०० गुणिले ०.५ म्हणजे १५० टन, ही सर्वांत मोठी वाढ. आणि साठा १०० टनांवर आला असेल तर ०.६ गुणिले १०० गुणिले ०.९, पुन्हा ५४ टन.

म्हणजे भरलेल्या दर्यातूनही वर्षाला ५४ टन काढता येतात आणि जवळजवळ रिकाम्या दर्यातूनही ५४ टनच काढता येतात. काट्यावर दोन्ही वर्षे सारखी दिसतात. सोसायटीच्या वार्षिक अहवालात ‘गतवर्षाइतकेच उत्पादन’ असे छापून येते. फरक कष्टांत असतो. ९०० टनांतले ५४ म्हणजे सहा टक्के, १०० टनांतले ५४ म्हणजे चोपन्न टक्के. तेच वजन आणायला नऊपट जाळे किंवा नऊपट तास, आणि त्या प्रमाणात डिझेल आणि बर्फ लागतो.

आता दोन्हीकडे ५४ ऐवजी दरवर्षी ६० टन पकडायला लागू. ९०० टनांचा साठा हळूहळू उतरतो आणि ८८७ टनांच्या आसपास थांबतो, कारण साठा थोडा कमी झाला की जागा मोकळी होते आणि वाढ ६० टनांपर्यंत चढते. १०० टनांच्या साठ्याला हा सावरण्याचा मार्ग नाही. तिथे साठा घटला की वाढही घटते. वर्षागणिक तो ९४, ८५, ७२, ५२, २१ असा उतरतो आणि सहाव्या वर्षी ६० टन पकडायला दर्यात मासेच उरत नाहीत. जास्तीचे फक्त सहा टन, पण एकीकडे काही झाले नाही आणि दुसरीकडे मासेमारी बुडाली. पहिली पाच वर्षे काटा दोन्हीकडे ६० दाखवत होता. आपला साठा या दोनपैकी कोणत्या बाजूला आहे, हे वजन सांगत नाही. जाळ्यामागे, तासामागे किती मिळाले हे सांगते.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचे असेच झाले. १९६८ मध्ये तिथली पकड आठ लाख टनांवर गेली होती. पुढे मोठ्या ट्रॉलरांच्या (जाळे ओढत नेणाऱ्या बोटींच्या) आकड्यांवरून साठा ठीक आहे असे वाटत राहिले, कारण संख्या घटली तरी कॉड दाट थवे करून राहत होता आणि यंत्रांना तो थवा बरोबर सापडत होता. किनाऱ्याजवळच्या लहान होड्यांचे मच्छीमार मात्र आधीपासून सांगत होते की मासा लहान येतोय आणि कमी येतोय. २ जुलै १९९२ रोजी बंदी आली, ती दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झाली आणि उठली २०२४ मध्ये. तीस हजारांहून जास्त लोकांचे काम गेले. लहान मच्छीमारांचे म्हणणे खरे होते, पण त्यांच्याकडे सरकारपुढे ठेवण्यासारखी वही नव्हती. आपल्या तांडेलांचे (होडीवरच्या प्रमुखांचे) म्हणणेही आज असेच हवेत विरते आहे, म्हणून आम्ही वहीवर इतका जोर देतो.

थवा करणाऱ्या माशांत ही फसगत जास्त होते. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला एका फेरीत दीडशेच्या वर घोळ मिळाले आणि लिलाव सव्वा कोटीच्या पुढे गेला. त्या कुटुंबाला लाभ झाला याचा आनंदच आहे. पण घोळ थव्याने जमते, बोताने (पोटातल्या हवेच्या पिशवीने) आवाज काढते, आणि जाणकार तांडेल त्या आवाजावरून थवा ओळखतो. असा एखादा मोठा घास मिळाला म्हणून घोळ वाढली असे धरता येत नाही. शेवटचा थवाही एका जाळ्याला तेवढाच भरघोस लागतो.

आता मोजायचे काय ते.

पहिली नोंद कष्टांची. ‘एक फेरी’ हे माप निरुपयोगी झाले आहे, कारण पूर्वीची फेरी एका दिवसाची होती आणि आता ती आठ-दहा दिवसांची असू शकते. डोल जाळ्यासाठी (प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यासाठी) एक जाळे आणि एक ओढ, म्हणजे एका भरतीला किंवा ओहोटीला लावलेले एक जाळे, हे माप धरावे. गिलनेटसाठी (पाण्यात भिंतीसारख्या सोडलेल्या जाळ्यासाठी) हजार मीटर जाळे आणि ते पाण्यात राहिलेले तास. ट्रॉलसाठी ओढल्याचे तास, बंदरातून निघाल्यापासूनचे नव्हेत. डोलचा सगळा खेळ पाण्याच्या ओढीवर असल्याने उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसाची तुलना भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसाशी कधीही करू नये. उधाण उधाणाशी, भांग भांगाशी. नोंदीत तिथी लिहिलीच पाहिजे, नुसती तारीख पुरत नाही.

सोबत इंजिनाची ताकद, जाळ्याचा आस (भोकाचे माप), जीपीएस आणि फिशफाइंडर आहे की नाही, हेही वर्षातून एकदा लिहावे. होडीची पकडण्याची क्षमता नकळत वाढत असते. ती वर्षाला फक्त तीन टक्क्यांनी वाढते असे धरले तरी वीस वर्षांत एक तास हा जुन्या १.८ तासांच्या बरोबरीचा होतो. म्हणजे तासामागची पकड वीस वर्षे सारखीच राहिली असेल, तर प्रत्यक्षात दर्यातला साठा जवळपास ४५ टक्क्यांनी घटला आहे. सारखी राहिलेली पकड पाहून निश्चिंत होणारी माणसे आम्ही विभागातही पाहतो आणि सोसायट्यांतही.

कष्टांची नोंद नसली की उलट दिशेनेही गोंधळ होतो. २०१८ मध्ये राज्याची सागरी पकड २.९५ लाख टन होती, २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली, पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत कमी. हे आकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आहेत. पण त्याच वर्षी क्यार आणि महा ही वादळे ऐन हंगामात आली आणि होड्या कित्येक दिवस किनाऱ्यावर बांधून राहिल्या. घटीतला किती भाग मासे कमी झाल्याचा आणि किती भाग दर्यात न गेल्याचा, हे बंदरनिहाय तासांची वही असती तर एका आठवड्यात वेगळे काढता आले असते.

दुसरी नोंद लांबीची. यासाठी मोजायच्या सर्वांत मोठ्या माशाहून लांब अशी एक फळी, तिच्या डाव्या टोकाला काटकोनात ठोकलेली आडपट्टी आणि पृष्ठभागावर बसवलेली स्टीलची मोजपट्टी एवढे पुरते. मोजपट्टीचा शून्य आडपट्टीच्या आतल्या बाजूला आला पाहिजे. तो फळीच्या कडेला आला तर प्रत्येक मासा आडपट्टीच्या जाडीइतका चुकतो, आणि ही चूक वर्षभर कोणाला कळत नाही. कागदी टेप पाण्याने फुगते, वापरू नये. माशाचे तोंड बंद करून आडपट्टीला टेकवायचे, अंग सरळ करायचे, ओढायचे नाही. बोंबील मऊ असल्याने हाताने सहज ताणला जातो, म्हणून तो फळीवर ठेवून हात काढून घ्यावा आणि मग वाचावे. बर्फात दिवसभर राहिलेला मासा आणि ताजा मासा एकाच पानावर लिहू नये, अंग आकसलेले असते.

पापलेटाच्या शेपटीचा खालचा पाता लांब असतो आणि जाळ्यात बऱ्याचदा तुटतो. त्यामुळे शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी आणि शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी अशा दोन्ही घ्याव्यात आणि पानाच्या डोक्यावर कोणती कोणत्या रकान्यात आहे ते लिहावे. जुन्या नोंदी वाया जाण्याचे मोठे कारण हेच असते की कोणती लांबी घेतली ते कोणी लिहिलेले नसते.

कोणते मासे मोजायचे, यातच बहुतेक चुका होतात. मासळी निवडण्याच्या आधी, खोला (जाळ्याच्या शेवटची पिशवी) मोकळा केल्याबरोबर ढिगाच्या वरून, मधून आणि खालून पाट्या भराव्यात आणि त्या पाटीतला त्या जातीचा प्रत्येक मासा मोजावा. एका जातीचे शंभर मासे पुरे. निवडलेल्या क्रेटमधले मासे मोजले तर आपण दर्या मोजत नसतो, व्यापाऱ्याची आवड मोजत असतो. फिशमीलला जाणारी बारीक मासळी वगळली तरी तसेच होते, आणि नेमकी त्यातच पापलेट, घोळ, सुरमईची पिल्ले असतात. बोटीवरच निवड होत असेल तर तांडेलाने एक पाटी न निवडता वेगळी आणावी.

महिन्यातून चार दिवस, दोन उधाणाचे आणि दोन भांगाचे. दोन माणसे, एक मोजणारा आणि एक लिहिणारा. एका जातीला तासाभराचे काम. प्रत्येक बंदराने तीनच जाती निवडाव्यात : सातपाटी-मुरब्याकडे पापलेट, बोंबील, घोळ, तर रत्नागिरी-मालवणकडे बांगडा, सुरमई, तारली. दहा जातींची वही दोन महिन्यांत बंद पडते.

तिसरी नोंद गाबोळीची, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी अधिसूचित केली : पापलेट १३५ मिमी, बोंबील १८० मिमी, बांगडा ११० मिमी, सुरमई ३७० मिमी. केरळनंतर असे करणारे आपले राज्य दुसरे. पाऊल योग्य दिशेचे आहे, पण या आकड्यांना शेवटचा शब्द समजू नये. आपल्या किनाऱ्यांवरच्या अभ्यासांनुसार सुरमई पहिल्यांदा प्रजननाला येते ती ७० सेंमीच्या आसपास. ३७ सेंमीची सुरमई कायद्याने चालते, पण तिने एकदाही अंडी टाकलेली नसतात.

योग्य आकडा शोधण्याची रीत बंदरावर करता येण्यासारखी आहे. मासे साफ करून देणाऱ्या बाया रोज शेकडो पोटे चिरतात. त्यांच्या शेजारी बसून माशाची लांबी आधी लिहावी आणि पोट उघडल्यावर गाबोळीची अवस्था लिहावी. पाच अवस्था पुरतात : धाग्यासारखी पारदर्शक, भरू लागलेली, दाणे दिसणारी, हलक्या दाबाने अंडी बाहेर येणारी, आणि रिकामी पडून लोंबणारी लालसर. शेवटच्या तीन अवस्थांचा मासा प्रौढ धरायचा. एका सेंमीच्या टप्प्यात निदान वीस माद्या झाल्या की त्या टप्प्यात किती टक्के प्रौढ आहेत ते काढायचे. ज्या लांबीला हे प्रमाण निम्म्यावर पोहोचते, ती त्या जातीची पहिल्या प्रजननाची लांबी. किमान लांबी तिच्याखाली ठेवण्यात अर्थ नाही.

चूक होते ती अशी. अंडी टाकून रिकामी झालेली पिशवी घाईत कोवळी म्हणून लिहिली जाते. फरक हाताला कळतो : कोवळी घट्ट आणि चकचकीत असते, रिकामी सैल आणि रक्ताळलेली. दुसरी चूक म्हणजे हंगाम नसताना मोजणे. त्या महिन्यांत मोठ्या मादीची गाबोळीही कोवळीसारखी दिसते आणि लांबीचा आकडा उगाच वर जातो. म्हणून बाराही महिने नोंद ठेवावी, म्हणजे कोणत्या महिन्यांत गाबोळी भरते हेही आपसूक कळते. ६१ दिवसांची बंदी कोणत्या जातीच्या हंगामाला पुरते आणि कोणत्या जातीच्या नाही, या जुन्या वादाचे उत्तर त्या वहीत असेल.

आणखी एक. माशाची लांबी दुप्पट झाली की अंगाचे आकारमान आठपट होते आणि गाबोळी साधारण त्याच प्रमाणात, काही जातींत त्याहून जास्त, वाढते. ३० सेंमीची एक मादी १५ सेंमीच्या आठ माद्यांच्या तोडीची असते. किमान लांबी या मोठ्या माद्यांना वाचवत नाही. त्यांच्यासाठी काही जातींना कमाल लांबीचाही विचार विभागाने करावा, निदान घोळीपासून.

नोंदीनंतर जाळे. गिलनेटचे गणित सोपे आहे : पकडल्या जाणाऱ्या माशाची नेहमीची लांबी आसाच्या प्रमाणात वाढते. १२० मिमी आसात बहुतेक मासे २४ सेंमीचे येत असतील तर १३० मिमी आसात ते २६ सेंमीच्या आसपास येतील. म्हणजे लांबीच्या वहीवरून पुढच्या हंगामाचा आस ठरवता येतो. नवे जाळे एकदम घेऊ नये, त्याच जाळ्यात काही पट्टे मोठ्या आसाचे जोडून एक हंगाम दोन्हींची पकड वेगवेगळी लिहावी.

ट्रॉलच्या खोल्याला चौकोनी आस सांगतात त्याचे कारण आहे. तिरपा आस ओझे पडले की ताणला जाऊन मिटतो, त्यामुळे कागदावर ४० मिमी असलेले जाळे दर्यात पिल्लू सोडत नाही. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो. ही सोय वाया जाते ती खोल्यात आतून दुसरे बारीक जाळे घातल्याने, किंवा घासू नये म्हणून बाहेरून बारीक जाळ्याचे आवरण बांधल्याने. तपासणाऱ्याने खोला बाहेरून पाहून भागत नाही, उलटा करून पाहावा. आस मोजताना जाळे ओले असावे, कडेचे आस सोडून वीस आस मोजून सरासरी घ्यावी. आणि विभागाने प्रत्येक आदेशात लिहावे की आकडा ओढलेल्या आसाचा आहे की चौकोनाच्या एका बाजूचा. दोन्हींत दुपटीचा फरक पडतो आणि धक्क्यावरची अर्धी भांडणे त्यातून होतात.

डोलचा प्रश्न सर्वांत अवघड. तिचा खोला बारीक असतो कारण जवळा आणि मांदेली त्याशिवाय मिळत नाहीत, आणि त्याच खोल्यात पापलेटाची पिल्ले जातात. सरसकट मोठा आस म्हणजे जवळ्यावर जगणारी घरे बंद. आम्हाला शक्य वाटते ते असे की लांबीच्या वहीत ज्या पंधरवड्यांत पिल्लांचे प्रमाण चढते, तेवढ्या काळासाठी त्या बंदराने स्वतः ठराव करून मोठ्या आसाचा खोला लावावा किंवा जागा सोडावी. एका बंदराने केले आणि शेजारच्याने नाही, तर करणाऱ्याचेच नुकसान, त्यामुळे ठराव शेजारच्या बंदरांनी मिळूनच झाला पाहिजे.

आतापर्यंत एकेका जातीचा हिशेब सांगितला. दर्यात एक जात दुसरीला खात असते आणि तिथे हे साधे सूत्र अपुरे पडते. पहिल्या महायुद्धात एड्रिॲटिक समुद्रातली मासेमारी थंडावली. दाँकोना या इटालियन जीवशास्त्रज्ञाला फ्यूमे बंदराच्या नोंदींत दिसले की मुशी-पाकटांचा, म्हणजे इतर मासे खाणाऱ्या भक्षकांचा, वाटा १९१४ मध्ये ११.९ टक्के होता, तो १९१८ मध्ये ३६.४ टक्क्यांवर गेला आणि मासेमारी पुन्हा सुरू झाल्यावर १९२३ पर्यंत १०.७ वर उतरला. इटालियन गणितज्ञ व्होल्टेरा यांनी १९२६ मध्ये त्याचे गणित मांडले : भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सारखे पकडले तर भक्षक जास्त मार खातो आणि भक्ष्य तुलनेने वाढते. आपल्या डोलमध्ये बोंबील आणि त्याचे खाणे असलेला जवळा एकाच वेळी येतात, शिवाय बोंबील स्वतःची पिल्लेही खातो. म्हणून एका वर्षी जवळा भरपूर लागला तर आनंदाबरोबर बोंबलाची वहीही उघडून पाहावी. हे सगळे दिसले ते फ्यूमेच्या बाजारात कोणी तरी वर्षानुवर्षे जातवार नोंद ठेवली म्हणून.

धारणक्षमताही कायम नसते. केरळात तारली २०१२ मध्ये ३.९ लाख टन मिळाली आणि २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन, नंतर ती पुन्हा वाढली. त्यात पिल्लांच्या मासेमारीचा भाग आहे आणि बदललेल्या समुद्राचाही. आपल्याकडे खाडीतली कांदळवने बुजली, सांडपाणी सोडले गेले, की पिल्लांची जागा जाते आणि धारणक्षमता उतरते. तो दोष मच्छीमाराच्या माथी मारता येत नाही. मात्र तसे सिद्ध करायलाही जुनी नोंद लागते. प्रकल्पाच्या सुनावणीत ‘पूर्वी इथे खूप मासा होता’ हे वाक्य टिकत नाही, दहा वर्षांची तिथीवार वही टिकते.

विभागाला आमचे स्पष्ट म्हणणे आहे. तपासणी बाजारात पाटी घेऊन बसलेल्या कोळिणीपासून सुरू करू नका. तिने मासा पकडलेला नसतो आणि मेलेले पिल्लू जप्त करून दर्यात परत जात नाही. जुलै महिन्यात जाळी अंगणात असतात, तेव्हा आस मोजा. परवान्यांची संख्या आणि इंजिनांची ताकद यांवर बंदरनिहाय मर्यादा घाला, कारण वर सांगितलेल्या नऊपट कष्टांकडे जाण्याचा रस्ता तिथूनच जातो. एलईडी दिव्यांची मासेमारी बंद आहे तर ती रात्री दर्यात बंद दिसली पाहिजे. सोसायट्यांच्या वह्या आल्या की दर तीन वर्षांनी किमान लांबीचे आकडे तपासा आणि बदल का केला ते मराठीत छापून बंदरावर लावा.

सोसायट्यांची भीतीही आम्हाला समजते : आज लहान मासा लिहून दिला तर उद्या त्याच कागदावर दंड होईल. ही भीती खरी आहे आणि ती दूर केल्याशिवाय कोणीही खरे लिहिणार नाही. म्हणून वही सोसायटीच्याच कपाटात राहावी, होडीचे नाव न लिहिता क्रमांक लिहावा, त्याची यादी फक्त सेक्रेटरीकडे असावी आणि विभागाला महिन्याची बेरीजच जावी. विभागाने लेखी द्यावे की या वहीवरून कोणावरही कारवाई होणार नाही. असे पत्र मिळेपर्यंत सोसायट्यांनी वही देऊ नये, पण लिहायला थांबूही नये.

फळी आणि मोजपट्टीचा खर्च किरकोळ आहे. जून-जुलैमध्ये होड्या शाकारलेल्या असताना दोन मुले-मुली निवडून त्यांना बाजारातल्या माशांवर आठवडाभर सराव द्यावा. दोघांनी तेच पन्नास मासे वेगवेगळे मोजावेत. बहुतेक माशांत अर्ध्या सेंमीहून जास्त फरक येत असेल तर आडपट्टी आणि शून्य पुन्हा तपासावा. नारळी पौर्णिमेच्या उधाणाला होड्या नुकत्याच बाहेर पडलेल्या असतात आणि जाळ्यांचे तास नीट लागत नाहीत, म्हणून पहिली नोंद त्यानंतरच्या अष्टमीला, भांगावर घ्यावी आणि दुसरी अमावास्येच्या उधाणाला. पहिल्या पानावर बंदराचे नाव, तिथी, जाळ्याचा प्रकार, ओला आस, लांबी कोणती घेतली ते, आणि मासळी निवडण्याच्या आधीची आहे की नंतरची ते लिहावे.

कळावे,
आपले,
मत्स्यजीवशास्त्राचे अभ्यासक